पावसाळा संपला की बाहेरची भिंत पुन्हा काळी? धुण्याआधी एवढं तपासा

गणपती उठले की माझा फोन वाजायला लागतो आणि तो दिवाळीपर्यंत थांबत नाही. सांगली-मिरजेत वीस वर्षांहून जास्त काळ मी घरांच्या बाहेरच्या रंगाचं आणि भिंत दुरुस्तीचं काम करतोय, कामासाठी कराड, सातारा, मेढ्यापर्यंतही जातो. तक्रार बहुतेक एकच असते. "दादा, गेल्या वर्षी मशीन लावून लख्ख धुतली होती, परत तशीच झाली." लगेच पुढचा प्रश्न येतो, "आता कोणतं केमिकल मारायचं?" केमिकलचं नंतर बघू. डाग कशाचा आहे आणि तिथं पाणी कुठून येतंय, ही दोन उत्तरं मिळाली की धुवायची पद्धत आपोआप ठरते. ती न मिळवता धुतलेली भिंत पुढच्या श्रावणात पुन्हा काळी होते.

लक्षणं: तुमच्या भिंतीवर नेमकं काय दिसतंय?

गच्चीच्या कठड्यापासून खाली उतरणारे काळे ओघळ, छज्ज्याच्या दोन्ही टोकांखाली काळ्या शेपट्या, उत्तरेची किंवा झाडाच्या सावलीतली भिंत काळपट हिरवी. हे शेवाळ आणि बुरशी. लोक याला धूळ समजतात, पण ते जिवंत असतं आणि ओल मिळाली की वाढतं.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी भुकटी, रंगाचे पोपडे, हात लावला की गिलावा रवाळ होऊन गळतो. हा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार.

गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत तपकिरी किंवा लालसर शिंतोडे. पागोळीचं पाणी मातीवर आपटून उडतं, त्याचे.

सगळ्या भिंतीवर सारखा करडा थर, पावसाने अर्धवट धुतलेला. रस्त्याची धूळ, वीटभट्टीची काजळी किंवा गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातून येणारी राख.

खिडकीच्या ग्रिलखाली किंवा पत्र्याच्या खिळ्याखाली तांबूस रेघ. हा गंज.

टाकीच्या ओव्हरफ्लोखाली पांढरा, कडक, नखाने न निघणारा थर. बोअरच्या जड पाण्यातला चुना.

एकाच घरावर यातले तीन-चार प्रकार सापडतात. म्हणून "अख्ख्या घराला एकच औषध" ही मागणी मी मान्य करत नाही.

आपला भागही एकसारखा नाही. महाबळेश्वराला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यात माण-खटावला जेमतेम ५०० च्या आसपास. मेढा, पाटण, शिराळा इकडं शेवाळ हाच मुख्य त्रास. दहिवडी, आटपाडी, जतकडं धूळ आणि बोअरच्या पाण्याचे डाग. वाळवा, पलूस, मिरज या उसाच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्यात, तिथं लोणा जास्त. साताऱ्याच्या पाहुण्याने सांगितलेला उपाय मिरजेच्या भिंतीला चालेलच असं नाही.

पहिली तपासणी: बोट आणि ओलं फडकं

खर्च शून्य. कोरड्या भिंतीवरून बोट फिरवा. बोटाला करडं-काळं लागलं तर धूळ किंवा काजळी. भिंतीच्या रंगाचीच पावडर लागली, पिवळ्या भिंतीला पिवळी, तर रंग जुना होऊन सुटायला लागलाय. रंगवाले याला चॉकिंग म्हणतात. अशी भिंत कितीही धुवा, ती फिकीच दिसणार, कारण तिथं मळ नाहीच. धुण्यावर पैसे घालण्याऐवजी ते पुढच्या रंगासाठी ठेवा.

बोटाला काहीच लागलं नाही आणि फडक्यानेही डाग हलला नाही, तर पुढं चला.

दुसरी: पाण्याचा शिपका

पांढऱ्या डागावर मगभर पाणी मारा. डाग ओला असताना दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर तो क्षार. इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. लोणा पाण्याने धुऊ नका. पाणी क्षार विरघळवतं आणि परत भिंतीतच घेऊन जातं, भिंत वाळली की तो पुन्हा बाहेर येतो. कोरड्या दिवशी काथ्याच्या ब्रशने झाडा, पडलेली भुकटी सुपलीत भरून घरापासून लांब टाका. भिंतीच्या कडेला पडू दिलीत तर पुढच्या पावसात ती परत पायात मुरते.

तारेचा ब्रश वापरू नका. त्याचे बारीक तुकडे गिलाव्यात अडकतात आणि महिन्याभरात तिथं गंजाचे ठिपके उठतात.

तिसरी: ब्लीचचा थेंब

काळा डाग शेवाळ की काजळी, हे डोळ्यांनी मलाही दरवेळी ओळखू येत नाही. पांढरे कपडे धुवायचं साधं ब्लीच घ्या, कापसाने डागावर एका जागी लावा आणि पाच मिनिटं थांबा. डाग फिका पडला तर शेवाळ-बुरशी. तसाच राहिला तर काजळी, डांबर किंवा दुसरं काही. एका बाटलीच्या खर्चात हे कळतं, नाहीतर लोक काजळीवर कॅनच्या कॅन हायपो, म्हणजे जास्त कडक ब्लीच, ओततात किंवा शेवाळावर साबण घासून हात सोलून घेतात.

गंजाच्या रेघेवर ब्लीच लावू नका. गंज त्याने जात नाही, उलट पक्का बसतो.

चौथी: पाऊस पडत असताना बाहेर उभं राहा

ही तपासणी कुणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच. छत्री घ्या, मोबाईल घ्या आणि मोठ्या सरीत घराभोवती एक फेरी मारा. पाणी भिंतीवरून कुठं वाहतंय त्याचे फोटो काढा. पाऊस नसेल तर कुणाला तरी गच्चीवर पाठवून कठड्यावर बादलीभर पाणी ओतायला सांगा आणि खालून बघा.

दहातल्या आठ घरांत मला यातलंच काहीतरी सापडतं:

कठड्याच्या माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार असतो. वर्षभराची धूळ माथ्यावर बसते आणि पहिला पाऊस ती सगळी बाहेरच्या भिंतीवर आणतो. उतार गच्चीकडं असायला हवा. गवंडी अर्ध्या दिवसात सिमेंटच्या लेपाने तो फिरवून देतो.

छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसते. मग पाणी कडेवरून टपकत नाही, छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागं सरकतं आणि भिंतीवर उतरतं. खाच नसली तर पीव्हीसीची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी लावता येते.

गच्चीच्या पाण्याचा पाईप भिंतीला चिकटून कापलेला असतो. नऊ इंच पुढं आणला तरी ओघळ थांबतो.

टाकीचा फ्लोट गेलेला असतो आणि रोज सकाळी अर्धा तास ओव्हरफ्लो भिंतीवर पडत असतो. घरातल्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की सांगितल्यावरच लक्षात येतं.

हे दुरुस्त न करता धुतलं तर पैसे वाया जातात, असं मी अनुभवाने सांगतो. विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर मी सुरुवातीच्या काळात गाडी धुवायचं मशीन भाड्याने आणून चालवलं होतं. तीन तासांत भिंत नव्यासारखी झाली, मालक खूश, मीही खूश. पुढच्या श्रावणात काकूंचा फोन आला. बाहेर भिंत काळी आणि आत बेडरूमला फुगे. जाऊन पाहिलं तेव्हा समजलं की कठड्याचा उतार बाहेर होता आणि माझ्या जोराच्या पाण्याने रंगाची उरलीसुरली कातडी जागोजागी फाटली होती. आतला गिलावा मला स्वतःच्या खर्चाने करून द्यावा लागला. त्या कामानंतर मी मशीन शेवटी काढतो.

पाचवी: ठोकून बघणं

लाकडी हातोडीने, नाहीतर बोटाच्या पेरांनी, एक-एक फुटावर भिंत ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. भदभद, पोकळ आवाज आला तर गिलावा विटेपासून सुटलाय. तिथं खडूने गोल करा. या गोलाच्या आत मशीन चालवायचं नाही, जोरात घासायचंही नाही. पाणी मागं शिरलं की परातीएवढा तुकडा खाली येतो आणि खाली सहसा कुणीतरी उभं असतं.

भेगाही आत्ताच बघून घ्या. केसाएवढ्या असतील तर धुतल्यावर भरता येतात. नाणं सहज आत जाईल एवढी रुंद भेग असेल तर शेवटचा भाग आधी वाचा.

आता पद्धत: सौम्यापासून कडकाकडं

आधी कोपऱ्यात, दिसणार नाही अशा ठिकाणी, एक फूट लांबी-रुंदीचा तुकडा धुवा आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबा. ओली भिंत नेहमी छानच दिसते.

*साधं पाणी, मऊ ब्रश.* धूळ, राख, शिंतोडे यांना एवढं पुरतं. घासताना खालून वर जा, शेवटचं पाणी वरून खाली सोडा. वरून घासायला सुरुवात केली तर मळकट पाणी खालच्या कोरड्या भिंतीवर ओघळून रेघा पाडतं. काजळी चिकट असेल तर बादलीत मूठभर कपड्याची पावडर.

शिंतोड्यांचा कायमचा उपाय मात्र जमिनीवर आहे. पागोळीखाली दोन फुटांची खडीची पट्टी टाका. पाणी मातीऐवजी खडीवर पडलं की उडत नाही.

*ब्लीच.* शेवाळ-बुरशीला हेच. घासून शेवाळ वरवर निघतं, मुळाशी राहिलेलं पुढच्या ओलीत परत फुटतं. ब्लीच त्याला मारतं, म्हणून इथं जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा. बाजारातलं ४-५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक भागाला तीन भाग पाणी. १० टक्क्यांचा हायपो असेल तर एकाला नऊ. ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात, ती ताजी असेल तर लिटरला साधारण ३० ग्रॅम. ढवळून चुना तळाला बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. प्रत्येक वेळी तयार होणारं द्रावण १ टक्क्याच्या आसपास असतं. जास्त कडक केल्याने काम लवकर होत नाही, रंग मात्र उडतो.

कठड्यावर गादीसारखं हिरवं शेवाळ असेल तर ते आधी ओलं करून लाकडी पट्टीने खरवडून घ्या, नाहीतर ब्लीच वरच अडतं. मग संध्याकाळी किंवा सावलीत फवारा. दहा-पंधरा मिनिटं भिंत ओली राहिली पाहिजे. उन्हात मारलेलं ब्लीच आधीच वाळून जातं आणि काम अर्धवट राहतं. नंतर भरपूर पाण्याने धुवा.

फवारणीचा पाठीवरचा पंप प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतो आणि या कामाला तो चांगला. पण तणनाशक मारलेला पंप घेऊ नका. कितीही धुतला तरी अंश राहतो आणि भिंतीकडची जास्वंद, मोगरा जळून जातो. काम झालं की पंपातून साधं पाणी दोनदा फिरवा, ब्लीचने वायसर खराब होतात. झाडांवर आधी पाणी मारा, नंतरही मारा. हातमोजे, चष्मा, जुने कपडे.

आणि हे कृपा करून नीट वाचा. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुफ्फुसं जाळतो. आज ब्लीच आणि लगेच त्याच जागी ॲसिड, असंही करू नका. बादलीसुद्धा वेगळी ठेवा. डोळे चुरचुरले, खोकला आला तर सगळं तिथंच टाकून मोकळ्या हवेत जा, आणि त्रास थांबला नाही तर थेट दवाखाना गाठा.

*प्रेशर मशीन.* गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर नळाला साधारण १ बार दाब मिळतो. गाडी धुवायचं मशीन १०० बारच्या वर देतं. शंभरपट. पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचं अंगण, कंपाउंडची दणकट भिंत यांच्यासाठी ते उत्तम आहे. घराच्या भिंतीवर चालवायचंच असेल तर दाब कमीत कमी, पंख्यासारखा रुंद फवारा देणारी ४० अंशाची नोझल, भिंतीपासून किमान दोन फूट अंतर, आणि धार नेहमी खाली झुकलेली. वर मारलेली धार छज्ज्याच्या सांध्यात आणि खिडकीच्या चौकटीत शिरते. सुईसारखी धार देणारी नोझल घरमालकाच्या हातात देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. ती गिलाव्यात रेघ कोरते आणि हाताला लागली तर कातडी फाडते.

*ॲसिड.* फरशीवाल्याकडं असतं म्हणून लोक भिंतीलाही लावतात. सिमेंट आणि चुना दोन्ही ॲसिडमध्ये विरघळतात, म्हणजे डागाबरोबर भिंतही जाते. खाली शहाबादी फरशी असेल तर ती चुनखडीचाच दगड आहे, एका ओघळात तिची चकाकी जाऊन पांढरे चट्टे पडतात, आणि ते पॉलिशशिवाय जात नाहीत. टाकीखालचा कडक पांढरा थर सिरॅमिक टाइलवर असेल तर व्हिनेगरचं फडकं अर्धा तास चिकटवून ठेवा, निघतो. गिलाव्यावर असेल तर ओव्हरफ्लो बंद करा, थर हलक्या हाताने खरवडा आणि रंगाच्या वेळी झाका.

पुराचं पाणी शिरलेली घरं

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला पुन्हा पूर आला. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना वेगळं सांगायला नको, पण नवीन राहायला आलेल्यांसाठी लिहितो. गाळ ओला असतानाच धुवा, साध्या नळीने. वाळला की तो छिद्रांत घट्ट बसतो. गाळात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून गाळ निघाल्यावर ब्लीचचा एक हात द्या. आधी ब्लीच मारलं तर ते चिखलातच खर्च होतं.

नंतर मात्र धीर धरा. भिजलेली वीट वाळायला महिने लागतात. भिंत वाळली का, हे बघायला दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे. २०१९ च्या दिवाळीला घाईने रंग दिलेली कितीतरी घरं मी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खरवडली. पूर आला नसेल तरी धुतल्यानंतर रंग द्यायचा असेल तर हीच तपासणी करा. परतीच्या पावसात धुऊन चार दिवसांत रंग उरकायची घाई दरवर्षी होते आणि पोपडे तिथूनच सुरू होतात.

इथं थांबा, माणूस बोलवा

भेग रुंद आहे, तिरकी आहे किंवा दर वर्षी वाढतेय. कॉलम-बीमवर गंजाचे डाग आहेत, सळई उघडी दिसतेय. हा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा विषय. रंगवाल्याने "पुट्टी भरून देतो" म्हटलं तरी ऐकू नका.

लोणा दोन-तीन फुटांवर न थांबता दर वर्षी वर चढतोय. जमिनीतली ओल जोत्यातून येतेय. बाहेरून काहीही लावलं तरी ती आत किंवा आणखी वर निघते. ओल रोखायचं काम जाणकाराकडूनच.

पहिल्या मजल्याच्या वरचं काम, किंवा महावितरणची तार भिंतीजवळून गेलेली. ओला हात, ॲल्युमिनियमची शिडी आणि तार हे एकत्र आलं की माणूस जातो. परांची बांधणारे लोक बोलवा आणि लाइन बंद करून घ्या. मीटर आणि बोर्डावर पाणी तर कधीच नाही.

जुने सिमेंटचे पत्रे. त्यात ॲसबेस्टॉस असतं. कोरडे घासू नका, मशीनही लावू नका, कारण त्याचे तंतू श्वासातून आत जातात आणि बाहेर पडत नाहीत.

कठड्याच्या भेगेतून आलेला पिंपळ बोटापेक्षा जाड झाला असेल तर उपटू नका, मुळासकट विटा येतात. छज्ज्याखाली आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला पाण्याची नळीही नेऊ नका.

वाई, मेणवली, साताऱ्याच्या जुन्या पेठा इथली काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली घरं. माझा यात जीव अडकतो म्हणून जरा कळकळीने सांगतो. चुन्याचे सांधे मऊ असतात आणि त्यातूनच ती भिंत वाळते. मशीनने सांधे धुऊन निघतात, ॲसिडने विरघळतात, मग गवंडी तिथं सिमेंट भरतो आणि आतली ओल कोंडून दगडाची कड फुटायला लागते. फक्त पाणी आणि मऊ ब्रश. त्याने निघालं नाही तर डाग राहू द्या आणि चुन्याचं काम येणारा कारागीर शोधा, वेळ लागला तरी चालेल.

माणूस बोलवलात तर पावसात काढलेले ते फोटो त्याच्यासमोर ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. हा डाग कशाचा आहे? आधी एक फूट कुठं धुऊन दाखवणार? दाब किती ठेवणार आणि नोझल कोणती? भिंतीला हात न लावता, फाटकातूनच जो दर सांगतो, त्याला काम देऊ नका.